डाव मांडण्याआधी

२०२५ च्या मे महिन्यात चार दिवस जळगावला बहिणीकडे होतो. दुपारी रस्त्यावर चिटपाखरू नसायचं, पारा चव्वेचाळिसाच्या आसपास. भाच्याची बारावी आटोपली होती, सीईटी उरकली होती. त्याने एक कागद माझ्यापुढे ठेवला. त्यावर एका महागड्या ग्राफिक कार्डाचं नाव, मुंबईत लॅमिंग्टन रोडवर कोणीतरी सांगितलेला भाव आणि खाली दोनदा अधोरेखित केलेली रक्कम. ‘सिव्हिलायझेशन ७’ त्याच फेब्रुवारीत आला होता. तो खेळायचा होता, आणि त्यासाठी पीसी तयार करायचा होता. पैसे वडील देणार होते, पण मी हो म्हटल्यावर.

“आत्ता अडतं कुठे?” मी विचारलं. तो आधीचा ‘सिव्हिलायझेशन ६’ दोन वर्षं खेळत होता.

“सुरुवातीला कुठेच नाही, मामा. पण दीडशे-दोनशे चाली झाल्या ना, की ‘नेक्स्ट टर्न’ दाबायचं आणि बसून राहायचं. मी पाणी पिऊन येतो, तरी ते चक्र फिरतच असतं.”

मला हवं ते या उत्तरात मिळालं. गुडघा दुखत होता आणि पोरगा चष्मा बदलायला निघाला होता. ती रक्कम नव्या ग्राफिक कार्डात गेली असती, तर डोंगर जास्त हिरवे दिसले असते, समुद्रावर जास्त लाटा दिसल्या असत्या, आणि ‘नेक्स्ट टर्न’ नंतरचं चक्र तेवढाच वेळ फिरत राहिलं असतं.

असं का, ते समजून घेतल्याशिवाय कुठलाच पीसी नीट तयार करता येत नाही. गेम चालू असताना पीसी दोन कामं करत असतो. एक चित्र काढण्याचं आणि दुसरं हिशेब ठेवण्याचं. चित्र काढतं ते ग्राफिक कार्ड, हिशेब ठेवतो तो प्रोसेसर. धावत गोळ्या झाडायच्या गेममध्ये चित्राचं काम जबर असतं. सेकंदाला ६० चित्रं हवी असतील, तर एका चित्राला जेमतेम १६.७ मिलिसेकंद मिळतात. डावपेचांच्या खेळाचं तसं नाही. पट समोर स्थिर असतो, आपण वरून पाहतो आणि विचार करतो. चित्र एका क्षणाने उशिरा आलं तरी राज्य बुडत नाही. पण आपली चाल संपली की इतर सगळ्या राजांच्या चाली संगणकाला करायच्या असतात, आणि तिथे हिशेबाचा डोंगर उभा राहतो.

‘सिव्हिलायझेशन ६’ मधला सगळ्यात लहान नकाशा ‘ड्युएल’. तो ४४ बाय २६ षटकोनी घरांचा, म्हणजे १,१४४ घरं. मुळात दोघांसाठी केलेला. सगळ्यात मोठा ‘ह्यूज’, १०६ बाय ६६, म्हणजे ६,९९६ घरं आणि बारा राजे. घरं सहापट झाली, राजेही सहापट झाले. पण कोणाचं कोणाशी पटतं, कोण कोणावर चालून जाणार, कोणाचा व्यापार कोणाशी, हे ठेवायचं तर राजांच्या जोड्या मोजाव्या लागतात. दोघांत जोडी एकच. बारा जणांत जोड्या सहासष्ट. शिवाय प्रत्येकाची शहरं वाढत जातात, सैन्य वाढत जातं. पहिल्या चालीला प्रत्येकाकडे एखाददुसरी तुकडी असते, दोनशेव्या चालीला डझनावारी. म्हणून भाच्याला सुरुवातीला काही जाणवत नव्हतं आणि उत्तरार्धात पाणी पिऊन यायला वेळ मिळत होता.

यातलं एक काम जवळून पाहण्यासारखं आहे, ते म्हणजे वाट शोधणं. घोडेस्वारांची तुकडी इथून तिथे जायची आहे. मध्ये डोंगर आहे, नदी आहे, शत्रूची हद्द आहे. सगळ्यात स्वस्त वाट कोणती? सगळ्याच वाटा तपासत बसलं तर जन्म पुरणार नाही. १९६८ मध्ये स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमधल्या पीटर हार्ट, निल्स निल्सन आणि बर्ट्राम राफेल यांनी यासाठी एक रीत मांडली. तिचं नाव ‘ए-स्टार’. त्यांच्याकडे ‘शेकी’ नावाचा चाकांवर फिरणारा यंत्रमानव होता, त्याला अडथळ्यांतून वाट काढता यावी म्हणून हा खटाटोप. रीतीचं मर्म सोपं आहे. आतापर्यंत चालून किती खर्च झाला आणि इथून पुढे अंदाजे किती राहिला, या दोन्हींची बेरीज जिथे सर्वांत कमी, ते घर आधी तपासायचं. गावात नवखा माणूस देवळाचा कळस डोळ्यांपुढे ठेवून गल्ल्या निवडत जातो, तसंच. संगणकाच्या खेळांमध्ये आजही हीच रीत आणि तिची पिलावळ सर्वाधिक वापरात आहे. आणि एका तुकडीसाठी जे करायचं ते चालीगणिक शेकडो तुकड्यांसाठी करायचं असतं.

मग भाच्याने योग्य शंका काढली. “आजकाल प्रोसेसरला आठ-आठ, सोळा-सोळा कोअर असतात. काम वाटून का देत नाहीत?”

काही काम वाटता येतं, सगळं नाही. पंगतीत वाढपी वाढवले की वाढणं झटकन उरकतं. पण पुरण शिजल्याशिवाय पोळी लाटता येत नाही आणि लाटल्याशिवाय तव्यावर पडत नाही. तिथे चुलीपाशी दहा माणसं उभी केली तरी पुरण आपल्या वेळेनेच शिजणार. पटावरही तसंच होतं. पहिल्या राजाने खिंड अडवली की दुसऱ्याची वाट बदलते, दुसऱ्याने तह मोडला की तिसऱ्याचा बेत बदलतो. एकाचं ठरल्याशिवाय दुसऱ्याचं ठरत नाही. जीन अ‍ॅमडाल या संगणकतज्ज्ञाने १९६७ मध्ये याचं गणितच मांडून ठेवलं. समजा, शंभरातलं चाळीस टक्के काम एकामागून एकच करावं लागतं आणि साठ टक्के वाटता येतं. मग चार कोअर दिले तर काम १.८ पट वेगाने होतं, आठ दिले तर २.१ पट, सोळा दिले तर २.३ पट. कोअर चौपट झाले, पैसे कितीतरी जास्त मोजले, आणि वेग वाढला अर्ध्या पटीचा. अगणित कोअर दिले तरी अडीचपटीच्या वर मजल जात नाही. म्हणून या खेळांसाठी प्रोसेसर निवडताना कोअर किती, यापेक्षा एकेक कोअर किती चपळ आहे, हे आधी पाहावं. सहा किंवा आठ चपळ कोअर पुरतात.

चपळाईचा अर्थही नुसता गिगाहर्ट्‌झ नाही. स्वयंपाक करणाऱ्या बाईच्या हाताशी मिसळणाचा डबा असतो. मोहरी, हळद, तिखट, हात लांब केला की मिळतं. त्यात नसेल ते फडताळात. तिथेही नसेल तर वाण्याकडे माणूस धाडायचा, तोवर फोडणी थांबवायची. प्रोसेसरच्या पोटात ‘कॅशे’ नावाची जी छोटी मेमरी असते ती म्हणजे हा डबा. त्यातली वस्तू दहा नॅनोसेकंदांच्या आसपास हाती येते. फडताळ म्हणजे रॅम, तिथून आणायला साधारण सत्तर ते शंभर नॅनोसेकंद. आणि वाणी म्हणजे डिस्क. एसएसडी असेल तर एक दशांश मिलिसेकंदाच्या आसपास, जुनी फिरती हार्ड डिस्क असेल तर दहा-एक मिलिसेकंद. दहा मिलिसेकंदांत प्रोसेसर कोट्यवधी बारीक हिशेब उरकतो, तेवढे सगळे खोळंबतात. राजे, शहरं, तुकड्या, रस्ते असा पसरलेला पट एका डब्यात मावत नाही, आणि प्रोसेसर सतत फडताळाकडे धावत राहतो.

म्हणूनच २०२२ च्या एप्रिलमध्ये आलेला ‘रायझन ७ ५८००एक्स३डी’ या खेळांच्या शौकिनांना इतका भावला. त्याच्या साध्या भावंडाकडे तिसऱ्या पायरीची कॅशे ३२ एमबी होती. एएमडीने त्या चिपच्या डोक्यावर आणखी ६४ एमबी मेमरीची चकती चढवली आणि डबा ९६ एमबींचा केला. गिगाहर्ट्‌झ उलट थोडे कमीच झाले, कोअर आठच राहिले, तरी खेळांमध्ये तो भावंडाला मागे टाकू लागला. नवा पीसी असेंबल करणाऱ्याला डावपेचांचेच खेळ खेळायचे असतील, तर ग्राफिक कार्डातले थोडे पैसे वाचवून ते अशा मोठ्या कॅशेच्या प्रोसेसरात घालावेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

भाच्याचा पीसी मात्र जुनाच होता आणि मला तो आवडला. रायझन ५ ३६००, जीटीएक्स १६५० कार्ड, ८ जीबी रॅम, एक छोटी एसएसडी आणि एक फिरती हार्ड डिस्क. आम्ही ‘सिव्हिलायझेशन ७’ च्या गरजांचा तक्ता समोर घेतला. किमान म्हणून त्यात कोअर आय३-१०१०० किंवा रायझन ३ १२००, ८ जीबी रॅम, जीटीएक्स १०५० आणि २० जीबी जागा असं दिलेलं आहे. शिफारस म्हणून कोअर आय५-१०४०० किंवा रायझन ५ ३६००एक्स, १६ जीबी रॅम आणि आरटीएक्स २०६०. पोरं एवढंच वाचतात आणि आपलं कार्ड शिफारशीत बसत नाही म्हणून हिरमुसतात. पण तक्त्याच्या कडेला लिहिलेलं असतं ते खरं वाचायचं. किमान म्हणजे १०८०पी पडद्यावर, कमी तपशिलात, सेकंदाला ३० चित्रं. शिफारस म्हणजे त्याच पडद्यावर, मध्यम तपशिलात, ६० चित्रं. भाच्याचं कार्ड या दोहोंच्या मध्ये होतं. पटावरच्या खेळात सेकंदाला चाळीस चित्रं आली तरी हरकत काय? प्रोसेसर शिफारशीला अगदी लागून होता. उणी होती ती रॅम.

आणि तक्त्यात एक गोष्ट लिहिलेलीच नसते. नकाशा किती मोठा आणि डाव किती पुढे गेलेला, यावर हा हिशेब धरलाय ते कुठेच सांगत नाहीत. खरी कसोटी तिथेच असते.

रॅमवर जरा थांबतो, कारण घरोघरच्या पीसीत सर्वाधिक गळती इथेच सापडते. टास्क मॅनेजर उघडून ‘परफॉर्मन्स’ मध्ये ‘मेमरी’ वर गेलं की दोन गोष्टी दिसतात: रॅमचा वेग आणि किती स्लॉट भरलेत. भाच्याकडे दोनपैकी एक स्लॉट भरलेला. पट्टीवर छापलेलं ३२००, पण चालत होती २४०० वर. पीसी घेतल्या दिवसापासून, म्हणजे चार वर्षं, हे असंच होतं.

दोन्ही दोषांचं मोल काढून पाहू. साध्या प्रोसेसरला रॅमकडे जाणारे दोन रस्ते असतात, प्रत्येक ६४ बिट रुंदीचा. पट्टी एकच लावली की एकच रस्ता वाहतो. डीडीआर४ ची एक पट्टी २४०० वर चालली तर सेकंदाला जास्तीत जास्त १९.२ जीबी माल येतो. दोन पट्ट्या ३२०० वर चालल्या तर ५१.२ जीबी. अडीचपटीहून जास्त! यात प्रोसेसर बदललेला नाही की ग्राफिक कार्ड. डावाचा वेग काही यामुळे अडीचपट होत नाही, पण फडताळाकडे जाणारी वाट मोकळी होते, आणि अशा खेळांत ती जाणवते.

दुसरी ८ जीबीची पट्टी गावातल्याच दुकानात मिळाली. पहिल्या पट्टीच्याच वेगाची आणि जमलं तर त्याच मेकची घ्यावी, नाहीतर दोघींतली जी हळू तिच्या चालीने दोघी चालतात. मदरबोर्डवर चार स्लॉट असतील तर बहुतेक बोर्डांवर प्रोसेसरकडून मोजत दुसरा आणि चौथा भरायचा. मग बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी चालू करायचं. काही बोर्डांवर त्याला डीओसीपी म्हणतात. हे चालू केल्याशिवाय पट्टी छापील वेगाने पळत नाही. ती सावध, जुन्या वेगावरच राहते. चालू केल्यावर एखाद्या वेळी पडदा काळाच राहतो, तेव्हा घाबरायचं नाही. पीसी बंद करून, वायर काढून बोर्डावरचा नाण्याएवढा सीआर२०३२ सेल काही मिनिटं बाहेर ठेवला की बायोस पूर्वपदावर येतं. शेवटी विंडोजमधली मेमरीची तपासणी एकदा पूर्ण होऊ द्यायची. सदोष पट्टी डावाच्या तिसाव्या तासाला दगा देते आणि सेव्ह फाइल घेऊन जाते.

‘सिव्हिलायझेशन’ मालिकेचा पहिला खेळ १९९१ सालचा. सिड मायर आणि ब्रूस शेली यांनी केलेला, डॉसवर चालणारा. डॉसमध्ये प्रोग्रॅमला हक्काची मेमरी होती ६४० केबी. भाच्याच्या पीसीत दोन पट्ट्यांनंतर झाले १६ जीबी, म्हणजे त्या ६४० केबींच्या सव्वीस हजार पट. माझ्यासारख्याला हे आकडे पाहून आजही भरून येतं.

आम्ही ही पट्टी मे महिन्यात घेतली ते बरं झालं. त्याच वर्षाच्या अखेरीस रॅमचे भाव भडकले, कारण एआयच्या डेटा सेंटरांनी जगभरची मेमरी उचलायला सुरुवात केली. डिसेंबरमध्ये तर मायक्रॉनने आपला ‘क्रुशल’ हा घरगुती ग्राहकांसाठीचा ब्रँड गुंडाळत असल्याचं जाहीर केलं. आज पट्टी विकत घ्यायची असेल तर आधी आहे ती छापील वेगाने चालते का, हे पाहणं त्यामुळे जास्तच निकडीचं झालं आहे. त्याला एक पैसा लागत नाही.

आता उष्णतेकडे वळू. मी भाच्याला तपमान दाखवणारं एक साधं फुकट सॉफ्टवेअर लावायला सांगितलं आणि डाव चालू केला. दहा मिनिटांत प्रोसेसर नव्वदीच्या पुढे. या प्रोसेसरची कमाल मर्यादा ९५ अंश. तिथे पोचला की तो जळत नाही, स्वतःला वाचवतो, म्हणजे आपला वेग उतरवतो. वेग उतरला की चाल लांबते. भाच्याचं उन्हाळ्यातलं दुखणं थोडं वाढलेलं असायचं, ते यामुळे. कूलर प्रोसेसरला खोलीतल्या हवेपेक्षा थंड करू शकत नाही, तो फक्त हवेच्या वर किती अंश राहायचं ते ठरवतो. खोली २४ अंशांची असेल आणि प्रोसेसर ७२ वर राहत असेल, तर तोच पीसी, तेच काम, खोली ४२ अंशांची झाली की प्रोसेसर नव्वदीत जातो. खानदेशात, विदर्भात, मराठवाड्यात पीसी बांधणाऱ्याने इंटरनेटवरचे थंड देशांतले आकडे तसेच्या तसे धरू नयेत.

कॅबिनेट उघडलं. पुढच्या जाळीवर धुळीची सायच धरली होती, पंख्याच्या पात्यांवर करडी लव. कूलरच्या अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्यांमधून पलीकडचं दिसत नव्हतं. पीसी बंद करून, वायर काढून, चालू करण्याचं बटण एकदा दाबून आतली उरलीसुरली वीज निघू दिली. मग रंगकामाचा कोरा, मऊ ब्रश आणि हवा मारायचा हातपंप. हवा मारताना पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवायचं, नाहीतर तो भलत्याच वेगाने फिरतो.

कूलर काढताना मात्र मी भाच्याला थांबवलं. एएम४ जातीच्या या प्रोसेसरांच्या टाचण्या प्रोसेसरलाच खालून असतात, १,३३१ बारीक टाचण्या. जुनी थर्मल पेस्ट वाळून डिंकासारखी धरलेली असते. कूलर सरळ वर ओढला तर लॉक लावलेलं असूनही प्रोसेसर कूलरला चिकटून सॉकेटमधून उपटून येतो आणि टाचण्या वाकतात. म्हणून आधी पीसी पंधरा मिनिटं चालवून पेस्ट गरम करायची, मग बंद करून स्क्रू सैल करायचे आणि कूलर डावीकडे-उजवीकडे हलकेच पिळत पिळत सोडवायचा. झाकण फिरवतो तसा. भाच्याने तो पिळला, बारीकसा चिकट आवाज झाला आणि कूलर हातात आला. प्रोसेसर जागच्या जागी! त्याच्या कपाळावरचा घाम मी पाहिला. जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली, मधोमध मटाराच्या दाण्याएवढी नवी ठेवली आणि कूलर बसवून स्क्रू समोरासमोरचे थोडे थोडे आवळले. तोच डाव पुन्हा लावला, तेव्हा आकडा ऐंशीच्या थोडा वर जाऊन थांबला. खोली तीच, दुपारही तीच.

इंटेलचा तेराव्या किंवा चौदाव्या पिढीतला आय५, आय७, आय९ ज्यांच्याकडे आहे, त्यांच्यासाठी एक गोष्ट इथे सांगायलाच हवी. यातल्या बऱ्याच ताकदवान प्रोसेसरांत गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागितलं जात होतं आणि त्यामुळे ते हळूहळू कायमचे बिघडत होते. गेम मध्येच बंद पडणं हे पहिलं लक्षण. २०२४ च्या ऑगस्टपासून इंटेलने त्यावर मायक्रोकोडचे उपाय दिले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. ते उपाय बायोस अपडेटमधून येतात. अपडेट पुढचं नुकसान रोखतं, झालेलं भरून काढत नाही, म्हणून ते लवकर करावं. आणि बायोस अपडेट चालू असताना लाइट जाऊ नये. यूपीएस नसेल तर ज्या दिवशी आपल्या भागात वीज बंद ठेवायचं जाहीर झालंय तो दिवस तरी टाळावा.

डिस्कचं थोडक्यात. गेम फिरत्या हार्ड डिस्कवर टाकू नये. डाव उघडायला वेळ लागतोच, शिवाय दर काही चालींनी होणारं ऑटोसेव्हही अडखळतं. भाच्याच्या एसएसडीवर जुन्या गेमांनी आणि डाउनलोडांनी जागाच ठेवली नव्हती. त्याने लग्नाच्या अल्बमसारख्या जपलेल्या व्हिडिओ फाइली हार्ड डिस्कवर हलवल्या आणि एसएसडीचा पाचवा हिस्सा मोकळा ठेवला. विंडोज १० ची नेहमीची सुरक्षा अपडेटं १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली, तेव्हा जो अजून त्यावर आहे त्याने याच खटपटीत पुढचाही विचार करून टाकावा.

ग्राफिक कार्डाच्या बाबतीत एवढंच: मॉनिटरची केबल कार्डालाच लावलीये ना, हे मागे वाकून बघा. मदरबोर्डाला लावून वर्षभर खेळणारी मुलं मी पाहिली आहेत. ड्रायव्हर नवा टाका. पहिल्यांदा गेम उघडल्यावर शेडर तयार होत असतात, ते होऊ द्या. सावल्या आणि पाण्याचा तपशील कमी करा, अक्षरं आणि चिन्हं स्पष्ट ठेवा, कारण या खेळात तासन्‌तास वाचायचंच असतं. आणि चित्रांना सेकंदाला ६० ची मर्यादा घाला. स्थिर पट सेकंदाला दीडशे वेळा रंगवून कार्ड उगाच तापतं, आणि ती उष्णता त्याच कॅबिनेटमध्ये प्रोसेसरच्या अंगावर जाते.

चित्राचं काम कधीच आड येत नाही, असं मात्र म्हणवत नाही. २०२३ च्या ऑक्टोबरात ‘सिटीज: स्कायलाइन्स २’ हा शहर वसवायचा खेळ आला. प्रकाशनाआधी काही आठवडे त्याच्या गरजांचा तक्ता वर सरकवला गेला आणि शिफारशीत आरटीएक्स ३०८० आलं. तरी चांगल्या चांगल्या पीसींवर तो रखडला. लोकांनी खणून पाहिलं तेव्हा कळलं की वरून मुंगीएवढ्या दिसणाऱ्या नागरिकांचे दातसुद्धा कोरलेले होते, आणि दूर गेल्यावर तपशील कमी करण्याची सोय त्यांना दिलेलीच नव्हती. पुढच्या अपडेटांनी बरीच सुधारणा झाली. अशा वेळी आपला पीसी दोषी नसतो. म्हणून खेळ बाजारात आल्या दिवशी त्याच्यासाठी हार्डवेअर विकत घेऊ नये. दोन-तीन अपडेटं होऊ द्यावीत, मग आपल्यासारख्याच पीसीवर इतरांचा काय अनुभव आहे तो पाहावा.

शेवटी मोजणी. भाच्याने आपला ‘सिव्हिलायझेशन ६’ मधला जुना, दोनशे चाली झालेला डाव जपून ठेवला होता. काहीही बदलण्याआधी आम्ही तो उघडून मोबाइलच्या स्टॉपवॉचवर ओळीने पाच चालींचा वेळ लिहिला होता. प्रत्येक बदलानंतर तीच सेव्ह फाइल, त्याच पाच चाली. त्या खेळात संगणकाच्या चालींचा सरासरी वेळ काढणारी तयार चाचणीही आहे. पण स्वतःच्या डावावर मोजलेलं आपल्याला खरं वाटतं. साफसफाईने थोडा वेळ वाचला, रॅमने त्याहून बराच. वहीत आकड्यांचा रकाना उतरत गेला तसं पोराचं तोंड फुलत गेलं. ग्राफिक कार्डाचा कागद त्याने वहीच्या शेवटच्या पानात ठेवला. पुढे कधी वाटलंच तर मोठ्या कॅशेचा एक्स३डी प्रोसेसर त्याच्याच मदरबोर्डावर बायोस अपडेट करून बसतो, ते नाव मी त्या कागदावर मागे लिहून दिलं.

जूनच्या उत्तरार्धात त्याचा फोन आला. ‘सिव्हिलायझेशन ७’ च्या नव्या अपडेटमध्ये ‘लार्ज’ आणि ‘ह्यूज’ नकाशे आले होते, सुरुवातीला ते नव्हतेच. मौर्यांना घेऊन ‘ह्यूज’ वर बसला होता आणि दुसऱ्या युगात शिरून चोळांवर आला होता.

“मामा, परत मोजायला घेतलंय,” तो म्हणाला. “पाच-पाच चाली, तुम्ही सांगितल्या तशा. आज इकडे पाऊस आहे, प्रोसेसर सत्तरच्या खालीच आहे. थांबा हं, नेक्स्ट टर्न दाबतोय.”